थराचा रकाना

मे महिन्यातल्या एका सोमवारी सकाळी साडेदहाला मी उत्खननाच्या खड्ड्यातून शंखाच्या बांगडीचा तुकडा मोजमाप न घेता उचलला. जागा कोल्हापूरजवळची, नदीकाठच्या जुन्या पांढरीच्या, म्हणजे उजाड गावठाणाच्या, टेकाडावरची. वर्तमानपत्रातली नोकरी संपली होती, घरी बोलायला कुणी नव्हते, म्हणून मी तिथे स्वयंसेवक झालो होतो. सहा दिवसांत माझ्याशी कामापलीकडे कुणी बोलले नव्हते.

वस्तू दिसली की हात न लावता थांबायचे, खोली मोजून मगच उचलायची, हा नियम पहिल्याच दिवशी सांगितला होता. तरी तो तुकडा तळहातावर घेऊन मी माती चाळणाऱ्या गावातल्या बायकांकडे गेलो.

एकीने वाकून पाहिले. "पावणं, ही बांगडी कुणाच्या हातात भरायची म्हणतासा?"

बाकीच्या हसल्या. मीही हसलो. दुसरी म्हणाली, "बसा की जरा सावलीला."

मी बसलो. तेवढ्यात खड्ड्याच्या प्रमुख बाई आल्या.

"किती खोलीवर होता? कोणत्या थरात?"

"मोजलं नाही."

"मग उचललात कशाला?"

"दाखवायला," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवसापासून मला खापरे धुण्याचे काम मिळाले. नळ टेकाडाच्या पलीकडच्या बाजूला होता. तिथून चाळणीची जागा दिसत नसे. उरलेले नऊ दिवस मी तिथेच बसलो. तुकड्याच्या पिशवीवरच्या चिठ्ठीत थराच्या रकान्यात आडवी रेघ आहे.