मामांचं लाकडी पिस्तूल

आमचा क्रशर सकाळी सुरू झाला की दुपारच्या जेवणापर्यंत थांबत नाही. कुंडमच्या रस्त्यावरची ही दगडाची खाण वडिलांमागे मीच चालवते, आणि गिट्टीच्या त्या खडखडाटात मला फोन ऐकू येत नाही हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. त्या दिवशी मामेभावाचा फोन लागोपाठ तीनदा आला. तिसऱ्यांदा उचलला, पण एक अक्षर कळलं नाही. काय वाटलं कोण जाणे, मी हात वर करून क्रशर बंद करायला लावला. मग त्या शांततेत ऐकलं... "दीदी, बाबा गेले."

मामा खमरियाच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात तपासणी खात्यात होते. निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली, पण सवय सुटली नाही. लग्नाला गेले की मांडवाचे दोर ओढून पाहत, घरात नवी कढई आली की आधी तिचे कान हलवून पाहत. मामी वैतागत. मीही वैतागायची, कारण तोच हट्टीपणा माझ्यातही आहे. पण पिस्तुलाचा परवाना हातात पडला तेव्हा मी आधी गेले ती त्यांच्याकडेच.

परवाना हौसेचा नव्हता. खाणीच्या हद्दीवरून काही लोक धमक्या देऊन गेले होते, एकदा माझी जीपही अडवली होती. मदन महलच्या घरापासून कुंडमपर्यंतचा रस्ता मला रोज एकटीला करायचा होता आणि येताना माझ्या मुलीला, मिनूला, शाळेतून घ्यायचं असे. मी ऐटीत पिस्तूल मामांच्या टेबलावर ठेवलं आणि त्याच्या शेजारी, दुकानातून आणलेलं, कमरेला बांधायचं होल्स्टर. मऊ कापडाचं, कुर्त्याखाली अजिबात न दिसणारं, कुठल्याही पिस्तुलाला बसणारं. मामांनी पिस्तूल रिकामं केलं, रिकामं असल्याचं मला दाखवलं, मामीला दाखवलं, मग ते होल्स्टरमध्ये घालून वरून, कापडावरूनच, ट्रिगरवर अंगठा दाबला. आत टक वाजलं.

"ऐकलं?" मामांनी विचारलं.

"ऐकलं."

"हे तुह्या कमरेला राहीन अन् मिनू तुह्या मांडीवर. चलो, ठेव ते बाजूला."

त्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली. होल्स्टरने ट्रिगर पूर्ण झाकला पाहिजे, आणि ते इतकं कडक पाहिजे की बाहेरून कितीही दाबलं तरी आत काही पोचू नये. ते त्याच पिस्तुलाच्या मापाचं हवं. पिस्तूल काढल्यावरही त्याचं तोंड उघडं राहायला हवं, म्हणजे परत ठेवताना दुसरा हात नळीसमोर न्यावा लागत नाही. उलटं करून हलवलं तरी पिस्तूल पडता कामा नये. आणि त्याला आधार जाड पट्ट्याचा, सलवारीच्या नाडीचा नाही. "दिसत नाही, हे मागून पाह्यचं," मामा म्हणत, "पयले वाजत नाही, हे पाह्यचं." असं होल्स्टर गावात मिळेना, तेव्हा त्यांनी बाहेरून मागवलं. ते आलं आणि मला वाटलं, झालं एकदाचं.

पण मामांनी तोवर सागाचं एक पिस्तूल करून ठेवलं होतं. अगदी मापात, वजनासाठी आत शिसं आणि ट्रिगरला बॉलपेनची स्प्रिंग. जरा धक्का लागला की टक. महिनाभर हे बांधून जीप चालवायची, वाकायचं, मिनूला उचलायचं, रोज काढून परत ठेवायचं, आणि एकदाही वाजलं नाही तरच खरं पिस्तूल कुलपातून बाहेर.

"मी काय लहान आहे का, मामा?"

"मी काहीच म्हणून नाही राहिलो. जे काय ते लाकूड सांगन."

मी पट्टा बांधला, पण कुर्ता आणि ओढणी सोडली नाही. पंचविसाव्या दिवशी घरी सराव करत होते. मिनू पायाला बिलगून शाळेतलं काहीतरी सांगत होती. मी पिस्तूल परत ठेवलं आणि कमरेपाशी टक वाजलं. ओढणीचं टोक आत जाऊन ट्रिगरला अडकलं होतं... मिनू बोलतच होती.

मी कुणाला सांगितलं नाही. पाचच दिवस उरले होते आणि मला माझं पिस्तूल हवं होतं. महिना भरल्यावर लाकडी पिस्तूल होल्स्टरसकट पेटीत घालून मामांकडे गेले.

"वाजलं?"

"नाही."

त्यांनी चहाचा घोट घेतला. "एकदाही नाही?"

"नाही, मामा."

"अच्छा," म्हणाले, आणि खरं पिस्तूल घालून होल्स्टर माझ्यापुढे सरकवलं. "घे, बांध."

माझा हात पट्ट्यावर गेला आणि तिथेच राहिला. "एकदा वाजलं," मी म्हणाले, आणि मग ओढणीसकट, मिनूसकट सगळं सांगून टाकलं. रडू आलं, पण ते जास्त स्वतःच्या रागाने. मामांनी आवाजही चढवला नाही. "चलो," म्हणाले, "उद्या पयला दिवस."

तेव्हापासून खाणीवर ओढणी गेली नाही. शर्ट, जीन्स आणि जाड पट्टा. त्या महिन्यात लाकूड गप्प राहिलं. आज चार वर्षं मी त्या रस्त्याने निर्धास्त जाते. पिस्तूल कुणावर रोखायची वेळ आलेली नाही आणि मामांना अभिमान होता तो याचाच.

मामांच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे गेले, तेव्हा मामींनी ते लाकडी पिस्तूल आणून माझ्या हातात दिलं. ट्रिगरमागच्या फटीत एक निळा धागा होता, पूर्वी कधी न दिसलेला. माझी ओढणी तर पिवळी होती. मामी त्या दिवसांत पहिल्यांदाच हसल्या.

"माह्या ओढणीचा व्हय तो. तुले द्यायच्या आधी आठ दिवस हे माही ओढणी गळ्यात घेऊन, ते कमरेला बांधून घरभर फिरत होते. रोज वाजे. मी म्हटलं, पोरीले सांगून द्या न. तं म्हणे, सांगितलं तं भांडन. स्वतः ऐकन तं सोडन."

म्हणजे मी दोनदा खोटं बोलले तेव्हा त्यांना माहीत होतं. आणि तरीही होल्स्टर पुढे सरकवलं होतं. "मी तशीच बांधून निघाले असते तर?" मी विचारलं.

"मीही तेच विचारलं होतं. म्हणे, नाही निघणार ती."

ते पिस्तूल आता माझ्या कपाटात असतं, निळ्या धाग्यासकट. रोज सकाळी खरं बांधायच्या आधी मी हे एकदा होल्स्टरमध्ये ठेवते, वाकते, उठते, काढते, परत ठेवते. मिनू दप्तर घेऊन दारात उभी असते, तिला उशीर होत असतो. मी कान देऊन ऐकते. मग म्हणते, "नाही, मामा," आणि आम्ही निघतो.