खांबावरची सूनबाई

त्या घरात सासरे आणि सून एकमेकांशी थेट बोलत नसत, आणि त्यात नवऱ्याची फरफट होई. जेवायला बसत तिघंच. तरी सासरे मुलाकडे बघून म्हणत, "तुझ्या बायकोला सांग, गच्चीचं दार उघडं राहिलंय." ती समोरच बसलेली असे. ती नवऱ्याला म्हणे, "अहो, बाबांना सांगा, मघाशीच लावलं." चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांना 'हे स्पष्ट दिसतंय की ते?' विचारून दमून आलेला तो बिचारा, हातातला घास तसाच धरून एकदा इकडे बघे, एकदा तिकडे.

पूर्वी असं नव्हतं. पूर्वी तर तो तक्रार करायचा की, तुम्ही दोघं बोलायला लागलात की मला कोणी विचारत नाही.

सासऱ्यांना सगळा भाग केबलवाले काका म्हणायचा. घराची मागची खोली म्हणजे त्यांची कंट्रोल रूम. भिंतभर रिसीव्हर, त्यांचे लुकलुकणारे दिवे, सतत घरघरणारे दोन पंखे आणि थंडीतही उबदार हवा. धंदा मुलानं पुढे न्यावा ही काकांची फार इच्छा. पण मुलगा बल्ब बदलायला स्टुलावर चढला तरी डोळे मिटून घेणारा. खांबावर तो काय चढणार?

सून आली आणि लग्नाला वर्ष व्हायच्या आत तो प्रश्न सुटला. मोठ्या मॅचच्या दिवशी नाक्यावर वायर तुटली. काकांचा गुडघा सुजून टम्म झालेला, फोन थांबायला तयार नाही, आणि हाताखालचा माणूस गावाला गेलेला. काका शिडीकडे बघत उभे होते. मागून सून म्हणाली, "मी चढू का?"

काका हसले. हसून होईपर्यंत ती अर्धी शिडी चढली होती. "वर गेल्यावर काय करायचं तेवढं सांगा," ती वरून ओरडली.

त्या दिवसापासून काका तिला शिकवत गेले. वायर कशी सोलायची, कनेक्टर कसा बसवायचा, ॲम्प्लिफायर कुठे लावला की शेवटच्या घरापर्यंत चित्र स्वच्छ जातं. ती वर आणि काका खाली शिडी धरून, अशी जोडी भागात फिरायची. लोक तिला सूनबाईच म्हणायला लागले, अगदी काकांपेक्षा वयानं मोठे असलेलेसुद्धा. चुकली की काका चिडत. "अगं, वेणी घालतेयस का? तांब्याला तांबं टेकलं पाहिजे!" ती वरून उलट बोलायची. दोघांनाही त्यात मजा यायची.

मग इंटरनेट कंपनी आली.

आधी नवी जोडपी गेली. त्यांच्या घरी टीव्ही होता, पण केबल नको होती. मग कॉलेजातली मुलं असलेली घरं गेली. सलूनवाला गेला तेव्हा मात्र काकांना लागलं, कारण त्याच्या दुकानातला टीव्ही काकांनी स्वतः बसवून दिला होता.

"काका, रागावू नका," सलूनवाला म्हणाला. "गिऱ्हाईक खुर्चीत बसल्या बसल्या म्हणतं, ती मालिका लाव. तुमच्याकडे ती रात्री आठला लागते. आठ वाजेपर्यंत ते काय डोकं भादरून घेत बसेल?"

"जा बाबा," काका म्हणाले. "चार दिवसांचं कौतुक आहे."

चार दिवस संपेनात. दिवसभर वाजणारा फोन हळूहळू मुका झाला. सून हे सगळं बघत होती. कंपनीला शिडीवर चढणारी, वायर जोडणारी माणसं हवी आहेत असं तिनं ऐकलं, नवऱ्याशी बोलली आणि जाऊन आली. नोकरी लागली. कंट्रोल रूममध्ये जाऊन तिनं काकांना सांगितलं तेव्हा ते पंख्याची धूळ पुसत होते. त्यांनी पुसणं थांबवलं नाही.

"बरं," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून ती 'तुझी बायको' झाली.

काकांनी शिकवलेल्या हातांनी ती आता घरोघरी कंपनीची वायर घालत होती, आणि जिथे ती घालत होती तिथून काकांची निघत होती. जुनी गिऱ्हाईकं दार उघडून तिला बघत आणि ओशाळं हसत. एका म्हाताऱ्या बाईंनी तर विचारलंच, "सूनबाई, काकांना ठाऊक आहे ना?"

पुढच्या वर्षी पालिकेनं भागातले सगळे खांब कंपनीला दिले. खांब एकाच्या हातात गेले की दुसऱ्यानं वायर न्यायची तरी कुठून? पण सगळ्यांना स्वस्त, वेगवान नेट मिळणार होतं, त्यामुळे कोणी हूं की चूं केलं नाही. मग कंपनीचा एक माणूस काकांकडे आला. बोलणं असं गुळगुळीत, की ऐकणारा घसरून पडावा.

"तुमच्या वायरी आता उतरवाव्या लागतील, काका. पण तुम्ही आमचे एजंट व्हा ना. गिऱ्हाईकं तुमचीच, लाईन फक्त आमची."

"म्हणजे माझी गिऱ्हाईकं मी तुमच्या हवाली करायची, आणि वर तुमची टोपी घालून हिंडायचं?"

"टोपीची सक्ती नाही," तो माणूस गंभीरपणे म्हणाला.

सून स्वयंपाकघरात उभी होती. एरवी तिला हसू आवरलं नसतं. काका उठले, त्यांनी दार उघडून धरलं आणि तो माणूस निघून जाईपर्यंत धरूनच उभे राहिले.

वायरी उतरवायचं काम सुरू झालं. रोज एक गल्ली. आपली गल्ली कधी येणार ते तिला कोणी सांगितलं नाही. एका सकाळी कंपनीची गाडी ओळखीच्या नाक्यावर वळली. समोर त्यांच्याच घराचं फाटक. फाटकासमोर खांब. घरातून निघणारी मुख्य केबल त्या खांबावर यायची आणि तिथून सगळ्या भागात जायची. आणि खांबाला टेकून काका उभे.

सुपरवायझर खाली उतरला. त्याला नातं ठाऊक होतं. भागात कोणाला ठाऊक नव्हतं? त्यानं कटर तिच्याच हातात दिला.

"ताई, इथली तुम्ही घ्या."

"दुसऱ्या कोणाला द्या ना, साहेब."

"का? कामात घर आणायचं नाही, पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

खिडक्या उघडल्या. सलूनवाला वस्तरा हातात घेऊनच बाहेर आला. आत अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक, तेही मागोमाग आलं. काका हलले नाहीत. त्यांच्या हातात काही नव्हतं, पण गाडीतल्या दोघा कामगारांपैकी एकही पुढे व्हायला धजेना.

"काका, बाजूला व्हा," सुपरवायझर म्हणाला. "नाहीतर मला पोलिसांना बोलवावं लागेल."

"बोलवा."

ती मध्ये आली. "साहेब, कापायला नको. मी जोड उघडून सोडवते. वायर तरी त्यांची त्यांना मिळेल."

"एवढा वेळ नाहीये. कापणार की नाही ते बोला. नसाल कापणार तर अवजारांचा पट्टा काढून ठेवा आणि घरी जा. घर काय, समोरच आहे."

गाडीतला एक जण हसला. तिनं पट्ट्याला हात घातला. बक्कल निम्मं उघडलंही. तेवढ्यात काका बोलले, सुपरवायझरशी नाही आणि मुलामार्फतही नाही.

"सूनबाई, चढ."

तिला वाटलं, आपल्या कानांची चूक.

"बाबा, मी नाही..."

"चढ म्हणतोय ना! ही केबल खाली येणारच आहे. आज तू नाही म्हणालीस तर उद्या दुसरा कोणी कापेल, आणि घरात दोघं रिकामे बसतील." काका खांबापासून बाजूला झाले. "शिडी मी धरतो. ह्यांच्यातल्या कोणी हात लावायचा नाही शिडीला."

ती चढली. खाली बघायची तिची छाती होईना. ॲम्प्लिफायरची पेटी तिनंच बसवलेली. पेटीचा एक स्क्रू जरा तिरका गेला होता म्हणून काकांनी तिला अर्धा तास झाडलं होतं. कटरचे दांडे तिनं दाबले. जाड केबल एका दाबात तुटेना. प्रत्येक दाबाला शिडी हलत होती, आणि खालून काकांनी ती गच्च धरलेली तिला कळत होती. तिसऱ्या दाबाला केबल सुटली आणि फरपटत रस्त्यावर पडली.

आसपासच्या घरांमधले चालू टीव्ही एकाच वेळी गप्प झाले. आवाज बंद झाल्यावर लक्षात आलं की अजून किती घरांत काकांची केबल होती.

ती खाली उतरली तेव्हा काका घरात निघून गेले होते. संध्याकाळी ती आली तर कंट्रोल रूममध्ये पंखे बंद होते. काकांनी तिला पाहिलं आणि म्हणाले, "सूनबाई, चहा टाकतेस?" तिनं टाकला. नवरा घरी आला, दोघांना बोलताना पाहिलं आणि चपला काढायच्या विसरून तसाच दारात उभा राहिला.

केबल गेल्यावर कंपनीचा सूर बदलला. कंपनीनं स्वतःचं एक ॲप काढलं. मालिका, सिनेमे, मॅच, सगळं त्यात. ज्यानं ते घेतलं त्याचं चित्र लोण्यासारखं चालायचं. ज्यानं घेतलं नाही, जो दुसऱ्या कोणाचं ॲप बघत होता, त्याच्या पडद्यावर ते गोल चक्र फिरत बसायचं. तक्रार केली की ऑफिसातून उत्तर एकच, तुमचा राउटर जुना झालाय, नवा घ्या. घरी जाणाऱ्यांनीही हेच सांगायचं, अशी सूचना आली.

ती सलूनमध्ये गेली. राउटर ठणठणीत होता. कंपनीचं ॲप लावलं की पळायचं, दुसरं लावलं की धापा टाकायचं. सलूनवाला तिच्या तोंडाकडे बघत होता.

"राउटर बदलावा लागेल," ती म्हणाली.

"तू म्हणतेस म्हणून बदलतो, सूनबाई. तू खोटं सांगणार नाहीस."

त्या रात्री तिला जेवण गेलं नाही. काकांच्या ते नजरेतून सुटलं नाही.

"राउटर खरंच खराब निघतायत का गं एवढे?"

"नाही."

"मग लोकांना काय सांगतेस?"

"जे सांगायला सांगतात ते."

नवरा आता पुन्हा मध्यस्थी करावी लागणार म्हणून सावरून बसला. पण काका ताट उचलून उठले.

तक्रारी इतक्या वाढल्या की पालिकेनं वॉर्डच्या सभागृहात बैठक बोलावली. कंपनीचा मोठा अधिकारी येणार होता. त्याच्या पडद्याची आणि नेटची जोडणी करायला सूनबाईला पाठवलं. जोडणी करून ती कोपऱ्यात खुर्चीवर बसली, कंपनीचा शर्ट घातलेली. सगळ्या ओळखीच्या चेहऱ्यांसमोर तो शर्ट तिला अंगाला टोचत होता. काका अगदी शेवटच्या रांगेत बसले होते. त्यांनी तिच्याकडे एकदाही पाहिलं नाही.

अधिकाऱ्यानं पडद्यावर रंगीत चित्रं दाखवली. वेग उत्तम आहे, दोष जुन्या राउटरांचा आहे, असं त्यानं सांगितलं. सलूनवाला उठला.

"मी नवा घेतला. तरी चक्र फिरतंयच. ही बसलीय ना तुमची बाई, हिनंच सांगितलं म्हणून घेतला. विचारा तिला!"

सगळं सभागृह वळलं. अधिकारी हसून म्हणाला, "हो, विचारा ना."

नोकरी, घरखर्च, दोन वर्षांत कमावलेलं सगळं डोळ्यांपुढून सरकलं. तिनं शेवटच्या रांगेकडे पाहिलं. काका आपल्या गुडघ्यावरचे हात बघत होते. सांग असंही नाही, नको सांगू असंही नाही.

ती उभी राहिली.

"ह्यांचा राउटर चांगला होता. मी खोटं सांगितलं. आणखीही घरांत सांगितलं. आम्हाला तसंच सांगायला लावलंय." तिनं पडद्याकडे बोट केलं. "कंपनीचं ॲप सोडलं तर बाकीच्यांची चित्रं अडकतात. नवा राउटर लावला तरी अडकतात. ती का अडकतात ते ह्यांना विचारा."

मग जो गलका झाला त्यात अधिकाऱ्याचं पुढचं कोणालाच ऐकू आलं नाही. सुपरवायझर तिच्याजवळ आला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "ओळखपत्र द्या, ताई." तिनं ते गळ्यातून काढून दिलं.

बैठकीहून दोघं चालतच घरी निघाले. गुडघ्यामुळे काका हळू चालत होते, आणि ती त्यांच्या चालीनं.

"बाबा, तुम्ही माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीत."

"कसा बघणार? मी बघितलं असतं तर तू माझ्यासाठी उठली असतीस. मग उद्या चुलीपुढे बसून मलाच बोल लावला असतास." थोडं चालून ते म्हणाले, "भीती वाटली होती मला. बसून राहिलीस तर काय, ह्याची. आणि उठलीस तर काय, ह्याचीही."

चौकशी बसली आणि लांबत गेली. कंपनी मुद्दाम वेग तोडत होती हे काही सिद्ध झालं नाही. पण बैठकीनंतर आठवड्याभरात चक्रं फिरायची थांबली, ती कशी, हेही कोणी सांगितलं नाही. अखेरीस पालिकेनं खांब सगळ्यांना खुले केले. काकांच्या काही उपयोगाचं नव्हतं ते. केबल परत लावा म्हणून सांगायला कोणीही आलं नाही, सलूनवालासुद्धा नाही. मागच्या खोलीतले रिसीव्हर भंगारवाला घेऊन गेला, आणि काका त्या दिवशी मुद्दाम दूरच्या बहिणीकडे जाऊन बसले.

त्याच खांबांवर एक लहानशी नेट कंपनी आली. तिला माणसं हवी होती, आणि सूनबाईला भागातला प्रत्येक खांब पाठ होता. आता ती तिथे आहे. मॅचच्या दिवशी गावाला गेलेल्या, काकांच्या हाताखालच्या त्या माणसालाही तिनं तिथे लावून दिलं.

घरी नेट घ्यायचा विषय निघाला तेव्हा ती म्हणाली, "आमच्याच कंपनीचं घेते, बाबा. स्वस्त पडेल."

"घे. पण त्या मोठ्या कंपनीचंही असू दे."

"दोन-दोन कशाला? उगाच खर्च!"

"तुमची ही कंपनी आज लहान आहे म्हणून गोड बोलते," काका म्हणाले. "उद्या मोठी झाली की? तुझ्या नवऱ्याला विचार हवं तर."

"मला नका हो मध्ये घेऊ!" नवरा आतून ओरडला.