चष्म्याने ऐकणारे पंच

गोडदेवच्या शिवदासांना चष्म्याशिवाय ऐकू येत न्हाय, हे त्यांची बायको द्वारका अख्ख्या आळीला हसून सांगायची. २००६ साली मुलींच्या कबड्डीचा अंतिम सामना लागला, पंच शिवदास, आणि चष्मा नेमका द्वारकेच्या पिशवीत!

गोडदेव आणि शेजारच्या इंद्रलोकचा संघ बरोबरीत. शेवटची चढाई शिवदासांच्या नातीची, भूमिकाची. तेवढ्यात मैदानाला खेटून वरात आली आणि ताशे असे कडाडले की बोलायची सोय नाही.

शिवदासांनी शिट्टी मारून खेळ थांबवला, बायकोकडे बघून डोळ्यांवर बोटं ठेवली आणि ओरडले, "द्वारके, चष्मा! दम ऐकू येत न्हाय!"

लोक खो खो हसले. द्वारका लुगडं सावरत धावली आणि चष्मा देऊन आली.

भूमिका चढाईला गेली. एकीला शिवली, तशा तिघींनी तिचे पाय धरले. पोर मातीत सरपटत रेघेकडे निघाली. द्वारकेचा जीव मुठीत! शिवदास नातीच्या तोंडाशी वाकून ओठांवर नजर लावून चालले होते. रेघ वीतभर राहिली आणि शिट्टी वाजली.

"दम तुटला. बाद!"

गोडदेववाले खवळले. "एवढ्या ताशांत ऐकलंत कसं?"

"ओठ दिसले की ऐकू येतं."

भूमिकाच धापा टाकत म्हणाली, "तुटला होता, आजोबा."

इंद्रलोकच्या पोरी नाचायला लागल्या. घरी जाताना द्वारकेने तोंड सोडलं, "सख्खी नात हाय तुमची! जरा तरी..."

शिवदासांनी हळूच चष्मा काढला आणि खिशात ठेवला.