बाळाचं औषध

लोणावळ्यातल्या माझ्या औषधाच्या दुकानात कुरवंड्याची एक तरुण आई दोन दिवसांत रिकामी बाटली घेऊन परत आली. कडेवरचं बाळ सर्दीनं घुरघुरत होतं. नाक चोंदल्यामुळे त्याला दूध ओढता येत नव्हतं.

"पाच दिवसांचं औषध संपलं कसं गं?"

"मीच प्याले, मावशी. अंगावर पितं न्हवं ते? मी ताक प्याले की त्याला सर्दी व्हते, म्हनून सासूनं ताक बंद केलंय. मंग औषध का न्हाई जानार?"

"दुधातून औषध असं पोचत नाही गं," म्हणत मी दुसरी बाटली उघडून तिच्याच हातानं बाळाला थेंब पाजायला लावले. त्यानं तोंड वाकडं केलं, पण गिळलं.

पदरानं त्याचे ओठ पुसत तिनं हळूच विचारलं, "मंग आता मी ताक पिऊ?"

"पी," म्हटलं, "पोटभर पी."