छप्पन सालची चिकटवही

मॅसॅच्युसेट्समधल्या एका लहान गावात मी पोलीस खात्यात अठ्ठावीस वर्षं काढली, त्यातली निम्मी डिटेक्टिव्ह म्हणून. गाड्या फोडणारे पाहिले, घरं फोडणारे पाहिले, एकदा तर कोणीतरी चर्चची घंटा पळवली होती. ते सगळं आता फायलींत पडलंय. डोक्यातून जात नाही ती एका चिकटवहीची चोरी. ती आठवली की आजही मला माझीच लाज वाटते. नावं कोणाचीच लिहीत नाही. गाव लहान आहे आणि आपली माणसं त्याहून कमी.

आधी माझं सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. वडिलांच्या नोकरीमुळे मी नवव्या वर्षी इथं आलो. आईनं दर रविवारी समोर बसवून मराठी लिहायला लावलं, म्हणून हे लिहितोय. तेव्हा गावात मराठी घरं दोनच, आमचं आणि डॉक्टरकाकांचं. त्यांचा मुलगा माझ्याच वर्गात. तो पुढे सर्जन झाला, मी पोलीस. त्यावर काकूंनी माझ्या आईचं चक्क सांत्वन केलं होतं, "असू दे गं, तब्येत तरी चांगली आहे त्याची." मंडळाच्या गणपतीत तो स्टेजवर आणि मी पार्किंगला. जळायचो मी त्याच्यावर. पन्नाशी आली तरी जळत होतो. त्याची नवी गाडी दिसली की हात उगाच चलनाच्या पुस्तकाकडे जायचा.

निवृत्तीला चारेक वर्षं उरली असताना गावच्या लायब्ररीनं एक प्रदर्शन भरवलं. १९५६ साली आपलं गाव कसं जगत होतं, एवढाच विषय. एका खोलीत त्या सालचं स्वयंपाकघर मांडलं होतं, फिकट हिरवा फ्रिज आणि फुलाफुलांचा एप्रन. बाजूला पिवळी पडलेली वर्तमानपत्रं, लाकडी पेटीतला टीव्ही. मधोमध काचेच्या कपाटात एक जाडजूड चिकटवही. गावातल्या एका आजींनी लग्नाच्या पहिल्या वर्षी ती रोज भरली होती. बातम्यांची कात्रणं, साबणाच्या जाहिराती, चर्चमधल्या जेवणाचा मेन्यू, नवऱ्याच्या कारखान्यातल्या पाळ्या, बर्फामुळे रस्ते बंद झाले त्या दिवशी घरात काय शिजलं ते. नवऱ्याला जाऊन वर्षं झाली होती. आजींना आता नीट दिसतही नव्हतं.

ती वही वाचून काढली एका नागपूरच्या मुलीनं. नवरा आयटीत, हिचा वर्क परमिट नुकताच आलेला, तोवर लायब्ररीत फुकट काम करायची. आजींच्या शेजारी बसून पानंच्या पानं मोठ्यानं वाचायची आणि टाइप करायची. उद्घाटनाला आजी सगळ्यांसमोर तिचा हात धरून म्हणाल्या, "या मुलीनं मला माझं ते वर्ष परत दिलं." लायब्ररीनं तिला पगारी नोकरी देऊ केली. ग्रीन कार्डचा अर्जही आत गेला होता. पोरीचं सगळं मार्गी लागत होतं.

दहा दिवसांनी, सोमवारी सकाळी, वही गायब. कपाटाला छोटं कुलूप, किल्ली काउंटरच्या ड्रॉवरमध्ये, आणि हे तिथल्या प्रत्येक स्वयंसेवकाला ठाऊक. कॅमेरा फक्त बाहेरच्या दारावर. आजींनी तक्रार नोंदवली, केस माझ्याकडे आली.

दुपारी स्टेशनवर मला फोन आला. काकू! आयुष्यात पहिल्यांदा. काकूही लायब्ररीत पंधरा वर्षं स्वयंसेवक होत्या.

"अरे, तू आहेस म्हणून बोलते. त्या नागपूरच्या मुलीला शुक्रवारी मोठी बॅग घेऊन जाताना पाहिलं मी. कोणाला सांगू नकोस हं मी सांगितलं म्हणून. आपल्यातला एक माणूस पोलिसात आहे, किती आधार वाटतो बघ. आईला अभिमान वाटला असता तुझा."

मी खुर्चीत ताठ बसलो. खरंच सांगतो, सर्जनची आई मला हे म्हणतेय याच्यापुढे मला काही ऐकूच आलं नाही.

मुलीची चौकशी लायब्ररीच्याच एका खोलीत केली. ती अटकेत नव्हती, त्यामुळे हक्क वाचून दाखवायची कायद्यानं गरज नव्हती. मी ती सोय वापरली. अमेरिकन सहकाऱ्याला बाहेर बसवलं आणि मराठीत सुरुवात केली. "काय गं, नागपूरला कुठं घर?" तिचा चेहरा एकदम मोकळा झाला. "काका, बरं झालं तुम्ही आहात. मी सकाळपासून पॅनिक झाले होते हो." मग न विचारलेलंही सांगून बसली. हो, बॅग होती, आजींचा स्वेटर अल्टर करायला नेला होता. हो, वही घरी नेऊ का असं लायब्ररीला विचारलं होतं, त्यांनी नको म्हटलं. खूप आवडायची वही? "खूप, काका. रात्री स्वप्नात पण यायची." ती हसत हसत बोलत होती आणि मी इंग्रजीत उतरवून घेत होतो. कागदावर आल्यावर त्याच वाक्यांचा हेतू झाला, संधी झाली. घराची झडती तिनं स्वतःहून घेऊ दिली. काही सापडलं नाही. मी लिहिलं, माल इतरत्र हलवल्याची शक्यता.

तिच्यावर गुन्हा दाखल करायला बुधवारी कोर्टात अर्ज द्यायचा ठरला. चोरीचा गुन्हा लागला असता तर तिचं ग्रीन कार्ड संपल्यात जमा होतं, हे मला पुरतं माहीत होतं. फक्त काकूंचा लेखी जबाब राहिला होता. तो घ्यायला मंगळवारी सहकाऱ्याला घेऊन त्यांच्या घरी गेलो.

चहा झाला, चिवडा झाला. काकू इंग्रजीत सांगू लागल्या, आजी आणि त्या म्हणजे सख्ख्या बहिणी. चाळीस वर्षांपूर्वी काकूंना ड्रायव्हिंग आजींनीच शिकवलं, ॲपल पाय करायला शिकवलं, बर्फात कुठले बूट घालायचे तेही. "अजून दर आठवड्याला भेटतो आम्ही." सहकारी मान डोलावत लिहीत होता.

माझी नजर फ्रिजवर गेली. वर काचेचं एक ओव्हनचं भांडं होतं. कडेला चिकटपट्टीवर आजींचं आडनाव. मी उठून बोट फिरवलं, तर बोटाला धुळीचा थर.

माझ्या सहकाऱ्याला त्यात काही दिसलं नसतं. पण आपल्या घरात शेजारणीचं भांडं असं पडून राहत नाही. आठ दिवसांत त्यात काहीतरी करून घालून ते परत जातं, रिकामं तर कधीच जात नाही. आणि काकू तर या बाबतीत इतक्या कडक, की त्यांच्याकडून आमचा डबा कधी चकल्यांशिवाय परत आला नव्हता. ते भांडं तिथं धूळ खात होतं, म्हणजे जाणं-येणं बंद होतं. काकू खोटं बोलत होत्या.

सहकाऱ्याला गाडीत जाऊन बसायला सांगितलं.

"काकू, हे भांडं कधीपासून आहे?"

"राहिलंय रे द्यायचं."

मी पुढं काही बोललो नाही. चौकशीत गप्प बसणं फार कामाला येतं. माणसाला शांतता सोसत नाही, आणि आपल्याकडच्या बायकांना पाहुणा गप्प बसलेला तर मुळीच नाही. काकूंनी दोनदा चिवडा पुढं केला. मग उठल्या, वर गेल्या, आणि जुन्या सुती साडीत गुंडाळलेली वही आणून टेबलावर ठेवली.

"फाडली नाही मी. एक पान हलवलं नाही. नुसती वाचत होते."

"का पण?"

"दीड वर्ष झालं रे त्या मुलीला येऊन! दीड वर्ष! मी चाळीस वर्षं तिच्या घरी जाते. नवरा गेला तेव्हा रात्र रात्र बसले मी तिच्याजवळ. मला एकदा दाखवली नाही ही वही. मी मागितली, तर म्हणाली, तुला कंटाळा येईल. आणि हिला सगळी वाचू दिली? तीन महिने फोनसुद्धा नाही. त्याआधी फोन यायचा तेव्हाही तोंडात हिचंच नाव."

"आणि मुलीचं नाव मला सांगितलंत ते?"

बराच वेळ त्या साडीची घडी घालत राहिल्या. "वाटलं, जाईल इथून," म्हणाल्या. मग माझा हात धरून, "माझ्या मुलाला कळू देऊ नकोस रे."

त्या क्षणी मला काय वाटलं? दया? छे. आनंद झाला मला! चाळीस वर्षांचं उट्टं निघालं. सर्जनसाहेबांना फोन लावायची अशी उबळ आली की मी हात खिशात घालून ठेवला. फोन केला नाही, पण तो सज्जनपणा नव्हता. रिपोर्ट तर लिहायचाच होता आणि तो त्याच्यापर्यंत पोचणारच, हे मला ठाऊक होतं.

आजींनी तक्रार मागे घेतली. तासभर दोघी म्हाताऱ्या बंद खोलीत बोलल्या, रडल्या असाव्यात. पुढच्या महिन्यात प्रदर्शनात दोघी शेजारी बसून लोकांना त्या वर्षाच्या गोष्टी सांगताना मीच पाहिल्या. त्यांचं मिटलं.

मुलीवर कोणताही संशय नाही असं पत्र खात्याकडून घेतलं आणि मी स्वतः तिच्या अपार्टमेंटवर गेलो. मला वाटलं होतं, पोरगी खूश होईल. तिनं दारातच पत्र वाचलं. आत या म्हणाली नाही.

"लायब्ररीत कधीपासून जॉइन होतेस?" मी विचारलं.

"नाही होणार. नवऱ्यानं ओहायोची ऑफर घेतली. इथं मंडळात सगळ्यांना कळलंय, पोलीस माझ्या घरी कपाटं उघडून गेले. हे पत्र मी कोणाकोणाला दाखवू?"

मी सॉरी म्हणालो. तिनं ते ऐकून घेतलं. मग म्हणाली, "काका, एक विचारू? मला तुम्ही दोन तास प्रश्न विचारले. काकूंचा फोन आला तेव्हा त्यांना किती विचारले?"

खबर आली की आधी खबर देणाऱ्याला तपासायचं, हे मी स्वतः नव्या भरतीच्या पोरांना शिकवायचो. तिला म्हणालो, "एकही नाही." तिनं का म्हणून विचारलं नाही, हळूच दार लावून घेतलं. फोनवर माझं कौतुक चाललं होतं आणि ते मला थांबवायचं नव्हतं.