पिक्चरची चव

शाळेत शिजलेली खिचडी मुलांच्या ताटात पडण्याआधी शिक्षकाने खाऊन पाहावी, असा नियम आहे. बहुतेक ठिकाणी तो सही करण्यापुरता पाळला जातो. मुखेड तालुक्यातल्या ज्या जिल्हा परिषद शाळेत बिलकीस मॅडम शिकवतात, तिथे मात्र त्या रोज स्वयंपाकाच्या खोलीच्या दारात उभ्या राहून वाटीभर खिचडी खातात आणि मग काही वेळ नुसत्या थांबतात. पोटात काही होते का, ते पाहण्यासाठी. सगळे ठीक वाटले की हात वर करतात आणि वाढप सुरू होते; तोवर पोरे ताटल्या वाजवीत बसलेली असतात.

"मॅडम, मी जहर कालवलं तर पयला नंबर तुमचाच की," स्वयंपाक करणाऱ्या उमाबाई म्हणतात.

"म्हणून तर तुम्ही कालवत नाही, उमाबाई."

बिलकीस मॅडमचे वडील मुखेडच्या बाजारात कल्हईचे काम करीत. भांडे कितीही चकचकीत दिसले तरी आतून बोट फिरवल्याशिवाय ते गिऱ्हाइकाच्या हाती देत नसत. मुलीने मराठी शाळेत शिकून लातूरला डी.एड. केले आणि तालुक्यातच नोकरी धरली. नवरा निजामोद्दीन यांचे एसटी स्टँडसमोर घड्याळदुरुस्तीचे दुकान आहे. सांगण्यासारखे फार काही घडलेले नाही, असे त्या स्वतःबद्दल म्हणतात. एकदा तेलाचा वास आला म्हणून त्यांनी सगळे पातेले परत पाठवले आणि स्वतः दुकानातून बिस्किटांचे पुडे आणून वाटले, एवढेच गावाला आठवते.

या वर्षी सातवीची सहल नांदेडला जायची ठरली. विष्णुपुरीचे धरण, गुरुद्वारा आणि शेवटी पिक्चर. पिक्चर कोणता, हे मुलांनीच ठरवून ठेवले होते. लहान जादूगारांच्या इंग्रजी सिनेमाचा पहिला भाग त्यांनी टीव्हीवर हिंदीत पाहिला होता, आता दुसरा भाग लागला होता. मधल्या सुट्टीत अख्खा वर्ग तुरीच्या वाळक्या काड्या, तुराट्या, परजीत एकमेकांवर मंत्र सोडत असे. त्यात सगळ्यात पुढे वर्षाराणी. मॅडमसाठी खिचडीची वाटी आणण्याचे कामही तिचेच, आणि ते ती कोणाला देत नसे.

परवानगीच्या चिठ्ठ्या भरून आल्या. वर्षाराणीची आली नाही. तिचे वडील दगडोबा स्वतः आले, तेही शाळा सुटून मैदान रिकामे झाल्यावर. ते ट्रॅक्टर चालवतात. टोपी हातात घेऊन उभे राहिले.

"मॅडम, पोरगी सहलीला येईल. पिच्चरला न्हाई."

"बाकी सगळी आत बसतील, दगडोबा. ती एकटी बाहेर कशी थांबेल?"

तेव्हा त्यांनी सांगितले. हे घराणे मूळचे देगलूरकडचे. तिथे शेजाऱ्यांची वासरे मेली, त्यांच्या सुनेला झटके येऊ लागले आणि दगडोबांच्या आईने, नागुबाईने, भानामती केली असे गावाने ठरवले. बाईला मंत्र नीट म्हणता येऊ नये म्हणून तिचे पुढचे दात दगडाने पाडले. त्यानंतर कुटुंब इकडे आले. आई विहिरीवर पाय घसरून पडली आणि दात गेले, असे इथे सांगितले. वर्षाराणीलाही तेच ठाऊक आहे.

"दारात पोरं काड्या घेऊन मंतर म्हणू लागली की आई उठून आत जाती," दगडोबा म्हणाले. "पिच्चर चांगला असंल बी. मला काय म्हाईत? पण त्यात जादूवालीचं काय दाखवतात, ते तुम्ही तरी बघितलंय का?"

मॅडमनी पाहिलेला नव्हता.

मुख्याध्यापकांना यात अडचण दिसली नाही. "अहो मॅडम, सरकारी प्रमाणपत्र आहे की. मोठ्यांसोबत पाहायला हरकत नाही म्हणून लिहिलंय. आपण मोठेच ना?"

"तांदळाच्या पोत्यावरही शिक्का असतो, सर," मॅडम म्हणाल्या.

रविवारी त्या नांदेडच्या गाडीची वाट पाहत स्टँडवर उभ्या होत्या. निजामोद्दीननी दुकानातूनच आवाज दिला, "क्या उस्तानी, अब पिक्चर भी चखने चली?"

"चलते क्या?"

"तुम चखो. बच गए तो मैं देखता."

थिएटरात त्या मुद्दाम लहान मुले बसली होती त्यांच्या मागे बसल्या. पडद्यापेक्षा मुलांकडे पाहायचे, असे त्यांनी ठरवले होते. साप आले, अंधाऱ्या बोगद्यातून पाठलाग झाला. समोरची एक चिमुरडी आईच्या कुशीत तोंड खुपसून बसली, पण थोड्याच वेळात मान वर काढून हसू लागली. ही भीती मुलांना पेलते, असा निर्वाळा मॅडमनी मनातल्या मनात दिला. जादू शिकणारी ती पोरे आपला डबा वाटून खात, एकमेकांसाठी मार खात. त्यांना ते आवडले.

मग चेटकीण आली. पांढऱ्या केसांची, वाकलेली आणि पुढचे दात नसलेली. दात नसल्याने तिचे मंत्र चुकत, भलत्यावरच पडत, आणि दर खेपेला थिएटर हसून लोळत असे. पहिल्या खेपेला मॅडमही हसल्या. दुसऱ्या खेपेला त्यांचा हात आपोआप तोंडावर गेला. शेवटी लहान जादूगारांनी तिला घेरून आगीत ढकलले. टाळ्या पडल्या. समोरची चिमुरडी सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवीत होती.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मॅडम दगडोबांच्या घरी गेल्या. वर्षाराणी दळण आणायला गेली होती. नागुबाई ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. बोलताना पदर तोंडाशी धरायची त्यांना सवय आहे.

"बघितला का वो बाई?"

"बघितला, मावशी."

"जादूवाली हाय त्यात?"

मॅडमना खोटे बोलता आले असते. त्यांनी जसे होते तसे सांगितले. दाताचेही सांगितले.

"आन् शेवटी काय होतं तिचं?"

"आगीत ढकलतात. मुलं टाळ्या वाजवतात."

नागुबाईंनी हातातली शेंग सोलून दाणे सुपात टाकले. दगडोबा भिंतीकडे पाहत होते.

"मग नगं," नागुबाई म्हणाल्या.

"कोणालाच नेत नाही," मॅडम म्हणाल्या. "तिला एकटीला मागे ठेवलं तर पोरं कारण विचारतील."

"पर ते टीव्हीवर येईल की कवातरी."

"येईल."

"हाव." नागुबाईंनी सूप बाजूला सारले. "तवर मीच सांगते पोरीला. पडद्यावरून कळायच्या आधी माझ्या तोंडून कळू दे. जरा सवडीनं सांगीन."

वर्गात मॅडमनी एवढेच सांगितले की पिक्चर पाहिला, तुम्हाला दाखवण्यासारखा नाही. मुलांनी कारण विचारले. त्यांनी दिले नाही. "चव बरी नाही," म्हणाल्या. मुख्याध्यापकांनाही तेच उत्तर मिळाले आणि ते त्यांना रुचले नाही.

"चव घेता घेता सगळं पातेलंच खाल्लं की मॅडमनं!" मागच्या बाकावरून हरिओम ओरडला. वर्ग हसला. हे वाक्य पुढे सहलीच्या गाडीत, धरणाच्या भिंतीवर आणि गुरुद्वाराच्या लंगरातही ऐकू आले. सगळ्यांत जास्त रागावली ती वर्षाराणी. तिने वाटी आणणे सोडले. मॅडम स्वतःच वाटी घेऊन दारात जाऊ लागल्या. कारण सांगितले असते तर राग गेला असता, हे त्यांना कळत होते. पण ते सांगण्याचा हक्क त्यांचा नव्हता.

सहल होऊन बरेच दिवस गेले. तुरीची रास झाली, तुराट्या चुलीत गेल्या. एका दुपारी मॅडम स्वयंपाकाच्या खोलीपाशी आल्या, तर वर्षाराणी वाटी भरून घेऊन उभी होती. तिने ती मॅडमच्या हातात दिली. त्यांनी खिचडी खाल्ली आणि नेहमीप्रमाणे थांबल्या. ओसरीवर ताटल्या वाजू लागल्या. "पातेलंच खातात आज बी!" हरिओमने सुरू केले.

वर्षाराणी वळली.

"गप बस की रे," ती म्हणाली. "मॅडम थांबल्यात ते दिसंना का?"

आणि मॅडमनी हात वर करीपर्यंत ती तिथेच, त्यांच्या शेजारी उभी राहिली.