पहिल्या खाचेवरची चिंधी

हजेरीपटावर सही करण्याआधी भागरथाबाई लॉनमध्ये बोट खुपसायच्या. साकोलीतल्या आमच्या कॉलेजात त्या माळीकाम करत आणि मी ऑफिसात बाबू. सानगडीहून एसटीने यायच्या, फाटकाशी चपला काढायच्या, गवतात बोट घालून त्याचा वास घ्यायच्या आणि मग मला "जयभीम, बाबू" म्हणायच्या. भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा होऊन चार-पाच वर्षं झाली होती, तेव्हाची ही गोष्ट.

त्या उन्हाळ्यात लॉन पिवळं पडलं. कितीही पाणी घाला, वरच्यावर वाहून जाई. प्राचार्यांनी फर्मान काढलं, पंधरा ऑगस्टपर्यंत हिरवं झालं नाही तर उखडून सिमेंटचे गट्टू बसवायचे. हे लॉन बाईंनी काडी काडी लावून उभं केलेलं. पण त्या रडत बसल्या नाहीत. सरळ प्राचार्यांच्या खोलीत गेल्या आणि लॉनचं एक ढेकूळ टेबलावर ठेवलं. मुळांच्या वर वाळक्या काड्यांची बोटभर जाड गादी साचली होती.

"गवत मेलं नाई, सायेब. त्याचा गळा दबून राहिला. ह्या काड्या खरवडून काढा लागते. हातच्या दताळ्यानं माहा जलम जाईन. मशीन पायजे."

मशीन घ्यायला आम्ही दोघं नागपूरला गेलो. दुकानदार जाड पात्यांचं दांडगं स्कॅरिफायर, म्हणजे लॉन खरवडायचं मशीन, पुढे ढकलत होता. बाईंनी ते आडवं करून पात्यांवरून अंगठा फिरवला. "हे माती खाईन. मले काड्या खानारं पायजे." शेवटी पातळ पात्यांचं, पेट्रोलवरचं छोटं मशीन त्यांनी निवडलं. बाजूचा दांडा खाचांमध्ये सरकवला की पाती वरखाली होत; पहिली खाच सगळ्यात वरची. "पह्यल्या खाचेवरच चालवाचं, केसात फनी फिरवतो तसं. अन् जमीन ओलसर पायजे, गच्च नाई."

जुलैत दोन दिवस उघाड पडली. त्या सकाळी बाईंच्या एसटीला उशीर झाला आणि मला हुशारी सुचली. मी करडी गावचा, धानवाल्या घरचा. चिखल केल्याशिवाय आमच्याकडे बांधीला, म्हणजे धानाच्या शेताला, हात लावत नाहीत. मी नळी सोडून लॉन तुडुंब केलं, दांडा शेवटच्या खाचेवर टाकला आणि मशीन सुरू केलं. दहा पावलांत गवताचा पट्टाच्या पट्टा मुळांसकट वर आला. तरी मी आणखी दोन पट्टे ओढले, इतका मी शहाणा!

बाई आल्या. उघडी माती बघून उकिडव्या बसल्या आणि उपटलेली मुळं चाचपली. "काहून जी, बाबू? धानाची बांधी समजले का?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मशीनच खराब निघालं असं प्राचार्यांना सांगतो, म्हणालो. त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं.

"मशीन काहून खराब? आपल्या हातानं झालं, आपुनच निस्तरू."

'आपल्या' म्हणाल्या त्या. त्यांचा हात तर लागलाही नव्हता.

उपटलेली हरळी त्यांनी ओल्या पोत्यात गुंडाळली. पाणी ओसरल्यावर लुगडं खोचलं आणि धानाची रोवणी करावी तशा वाकून, मागे मागे सरकत चिमूट चिमूट गवत मातीत खोवू लागल्या. मीही पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. दुपारपर्यंत माझी कंबर धरली. "घरच्या बांधीत कदी वाकले नाई वाट्टे," त्या म्हणाल्या आणि पहिल्यांदा हसल्या. चार दिवस आम्ही रोवत होतो. उरलेलं लॉन पुढच्या उघाडीत त्यांनी स्वतः खरवडलं. वाळक्या काड्यांचे ढीग निघाले.

पंधरा ऑगस्टला आमच्या रोवणीच्या ओळी अजून दिसत होत्या, पण प्रत्येक ओळ हिरवी होती. प्राचार्य ओळींच्या कडेने चालून आले. गट्टूंचा विषय पुन्हा निघाला नाही. बाईंनी मशीनच्या पहिल्या खाचेशी लुगड्याची लाल चिंधी बांधली आणि मला बजावलं, "हिच्याखाली नाई."

निवृत्तीनंतर दोन पावसाळे पाहून त्या गेल्या. मी सानगडीला गेलो तेव्हा त्यांच्या लेकीने जुन्या लाल लुगड्याचा एक तुकडा माझ्या हातात ठेवला.

"माय म्हने, बाबूले देजो. पह्यली चिंधी सडली असन. अन् बाबू मोठी घाई करते."